विलायतेची बोट आणि गोंदा सुताराची उकिरडी

शिंप्याच्या मशीनखाली चिंध्या साठतात ना, तसे आमच्याकडे किस्से साठले. कुणी मुद्दाम जमवले नाहीत. जव्हारच्या बाजारात नारू शिंप्याचं दुकान होतं, दुकानाला ओटा होता आणि ओट्यावर आम्ही होतो. एवढ्यावर किस्से होतात. मी दरबारच्या पागेत घोड्यांना चंदी घालायचो. घोडी खायला लागली की माझं काम संपायचं आणि मी ओट्यावर यायचो. शिक्षण मराठी तिसरी. चौथीत मास्तरांच्या पगडीत बेडूक निघाला आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. का बघितलं ते देव जाणे!

ओट्यावर पेपर वाचायचे बापू कारकून. मुंबईहून निघालेला पेपर डहाणूच्या बाजूनं बैलगाडीत बसून आरामात जव्हारला यायचा. तोवर त्यातल्या आजाऱ्यांना बरं वाटलेलं असायचं.

त्या उन्हाळ्यात बापूंनी पेपर उघडला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "टायटॅनिक नावाची विलायतेची आगबोट बुडाली. जगातली सगळ्यात मोठी. कधीच बुडणार नाही म्हणत होते."

"कोण म्हणत होते?" नारूनं मशीन थांबवून विचारलं.

"लोक. बांधणारेही म्हणत असतील."

ओट्यावरची सगळी तोंडं एकदम गोंदा सुताराकडे वळली.

त्याचं कारण असं. दाभोशाच्या धबधब्याच्या वरच्या अंगाला नदी ओलांडायचा उतार होता. नदीच्या अलीकडे आमचं संस्थान, पलीकडे मोखाड्याची इंग्रजी हद्द. पावसाळ्यात नदी भरली की येणं-जाणं बंद. म्हणून दरबारनं गोंदाला होडी बांधायला सांगितली होती. गोंदानं आयुष्यभर नांगर आणि दारं केली. होडी त्यानं बघितली होती ती चित्रात. पण दरबारात उभा राहून छातीवर हात ठेवून तो म्हणाला होता, "सरकार, ही होडी बुडायची नाही!"

हे म्हणून चार दिवस झाले नव्हते.

गोंदानं तोंडातलं पान या गालातून त्या गालात घेतलं. म्हणाला, "त्यांचं लाकूड कुठलं होतं?"

"लोखंड होतं," बापू म्हणाले.

"मग बुडणारच!" गोंदा म्हणाला आणि उठून गेला.

*

गोंदा उठून गेला त्याला दुसरंही कारण होतं, ते इथंच सांगतो.

त्याला दोन मुली. दोघी नदीपलीकडे दिलेल्या. थोरली आदल्या पावसाळ्यात सासरीच बाळंत होताना गेली. गोंदाची बायको भागीवहिनी ही जव्हारची सुईण. अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलं. पण त्या दिवशी नदीला पूर होता आणि वहिनी अलीकडच्या काठावर उभी होती. पलीकडून माणसानं हात हलवून सांगितलं, ते तिला कळलं.

आता धाकटी चिमी पोटुशी होती. तिचा नवरा मोखाड्याला फॉरेस्टच्या साहेबाकडे राखणदार. सासूनं निरोप धाडला होता, "भाताची लावणी झाली की पाठवते." लावणी व्हायची म्हणजे आषाढ. आषाढात नदी भरलेली. म्हणजे होडी हवीच. दरबारसाठी ती होडी होती. गोंदासाठी ती काय होती ते ओट्यावर सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. प्रश्न मात्र विचारत होते. प्रश्न विचारायला काय जातं?

*

दुसऱ्या दिवशी पहिला प्रश्न आला तो बर्फाचा. बोट बर्फाच्या डोंगरावर आपटली म्हणे. ओट्यावर बर्फ फक्त नारूनं बघितला होता, मुंबईला, सोड्याच्या ग्लासात.

"केवढा होता?"

नारूनं अंगठ्याचं पेर दाखवलं.

"एवढ्यानं जगातली सगळ्यात मोठी बोट बुडाली?"

बापूंनी समजावलं, "अरे, गारा पडतात ना? तशी एक गार. पण भूपतगडाएवढी."

साखरशेतचा सोमा भगत बाजाराला आलेला, कोपऱ्यात उकिडवा बसून ऐकत होता. खूप विचार करून म्हणाला, "एवढी गार आभाळातून पडली, तवा खाली कोन होता?"

बापूंनी चष्मा काढला. मी म्हटलं, "बापू, बर्फ पाण्यावर तरंगतो का?"

"तरंगतो."

"आणि तो डोंगर बोटीपेक्षा मोठा?"

"मोठा."

"आणि तो बुडाला नाही?"

"नाही."

"मग लोक बोट सोडून डोंगरावर का नाही बसले?"

"अरे, गार लागतं!"

"बुडण्यापेक्षा?"

बापूंनी पेपर घडी करून बगलेत घातला. त्या दिवशी दरबारात फार काम होतं म्हणाले. दरबारला सुट्टी होती.

*

मग निघाला छोट्या होड्यांचा प्रश्न. मोठ्या बोटीवर जीव वाचवायच्या होड्या होत्या, पण माणसांच्या मानानं कमी होत्या असं पेपरात आलं.

भागीवहिनी ओट्यासमोरून पाण्याचा हंडा घेऊन चालल्या होत्या. थांबल्या. म्हणाल्या, "माणसं बोलावली आणि पत्रावळीच मांडल्या नाहीत म्हणा की!"

मी गंभीर तोंड करून म्हटलं, "वहिनी, म्हणूनच दरबारचा हुकूम निघतोय. आपल्या होडीत बसायचं तर ज्यानं त्यानं आपला भोपळा आणायचा."

आमच्याकडे पोहायला शिकताना वाळका भोपळा पाठीला बांधतात, त्यामुळे कुणाला संशय आला नाही. हुकूम मी ओट्यावर काढला तो संध्याकाळपर्यंत दाभोशाला पोचला. त्या साली कोवळा भोपळा कुणी तोडेना. वेलावरच वाळू द्यायचा! घरात बियाणं ठेवलेले भोपळे होते, ते बायकांनी पेटीत कुलूप लावून ठेवले.

नारूनं तर भोपळ्याची बंडी शिवली. पुढं दोन खिसे, मागं दोन खिसे, प्रत्येकात एक भोपळा. पहिलं गिऱ्हाईक बापू. बंडी घालून ते दुकानातून बाहेर पडायला आडवे झाले, तिरके झाले, शेवटी आम्ही त्यांना ओढून काढलं.

तळ्यावर परीक्षा घेतली. मागचे भोपळे मोठे होते, पुढचे लहान. बापू पाण्यात उतरले आणि तोंडावर पालथे झाले. वर चार भोपळे आणि धोतराचा सोगा. बापूंचं डोकं काही दिसेना.

काढल्यावर पाणी ओकून झालं, श्वास आला, तेव्हा नारू म्हणाला, "बंडी बुडाली नाही, हे तर खरं ना?"

*

होडीला कॅप्टन कोण, यावरून आधी भांडणं होती. नारूला व्हायचं होतं, बापूंना व्हायचं होतं. मलाही हरकत नव्हती. मग बापूंनी वाचून दाखवलं की मोठ्या बोटीचा कॅप्टन बोटीबरोबर खाली गेला.

"का?" नारूनं विचारलं.

"कॅप्टननं बोट सोडायची नसते. रीत आहे."

त्याच दिवशी दरबारचे कारभारी ओट्यावर विचारायला आले, "कॅप्टन कोण होणार?" नारू म्हणाला, बापूंचं वजन आहे. बापू म्हणाले, माझ्या हाताखाली दप्तर आहे. मी म्हटलं, माझ्याशिवाय घोडी खात नाहीत.

शेवटी जो तिथं नव्हता त्याला केलं. सोमा भगत वांगणीला कुणाचं तरी भूत उतरवायला गेला होता. आठ दिवसांनी कोंबडा बगलेत घालून परत आला, तो बाजारात सगळे त्याला वाकून रामराम करायला लागले.

"काय झाला?" तो म्हणाला.

"कॅप्टन झालास!"

"त्याला काय करावा लागतं?"

"होडी चालली तर चालवायची."

"आनि नाय चालली तं?"

"मग तुला कुठं जायचं नाही," मी म्हटलं.

सोमाला ते बरं वाटलं. त्याला फार फिरावं लागायचं.

*

मोठ्या बोटीवर म्हणे शेवटपर्यंत बँड वाजत होता. यावर ओट्यावर दोन तट पडले. बापू म्हणाले, बोट बुडत होती म्हणून धीर द्यायला वाजवला. नारू म्हणाला, उलटं आहे. वाजवत बसले म्हणून बुडाली. कुणी पाणी उपसायचं सोडून गाणं ऐकत बसलं तर दुसरं काय होणार?

नारूचं म्हणणं गावाला पटलं. दरबारनं होडी पाण्यात सोडायच्या दिवशी वाजवायला वांगणीचा लाडक्या, तारपा फुंकणारा, ठरवला होता. लोकांनी त्याला घेरलं.

"लाडक्या, होडीत बसून तारपा वाजवायचा नाही."

"नाय वाजवत."

"आणि समज होडी बुडायला लागली, तर?"

"तं वाजवीन."

"का रे बाबा?"

लाडक्यानं तारपा पुढे केला. वर वाळका भोपळा, खाली ताडपानांचा लांब कर्णा. म्हणाला, "मी याला धरून राहीन. तुमी कोनाला धराल?"

*

होडी तयार झाली. चांगली सागाच्या फळ्यांची. पण तिच्यात पाय ठेवायला कुणी तयार होईना. ओटा म्हणाला, विलायतेत नियम आहे, बायका आणि पोरं आधी.

भागीवहिनींनी कमरेवर हात ठेवले. "तिथं बुडत्या बोटीतून बायकांना आधी बाहेर काढलं. तुम्ही कोरड्यावरनं आत घालताय!"

वहिनी पुढं म्हणाल्या, "दृष्ट लागली त्या बोटीला. एवढं कौतुक केल्यावर लागणार नाही तर काय? आणि आमच्या यांनीही भर दरबारात सांगून ठेवलंय, बुडायची नाही म्हणून. आता हिचं नाव उकिरडी ठेवा."

तुम्हाला ठाऊक असेल, ज्या घरात मुलं जगत नाहीत तिथं पुढच्या मुलाचं नाव दगडू ठेवतात, धोंडू ठेवतात. क्षणभर उकिरड्यावर ठेवून परत उचलतात. यम येतो, बघतो, म्हणतो, हे काय नेण्यासारखं आहे? आणि जातो. वहिनींच्या थोरलीचं नाव सोनी होतं.

सोमा भगतानं कॅप्टन या नात्यानं आणखी एक गोष्ट सुचवली. "नुसत्या नावानं नाय भागायचा. हिला एकदा बुडवा. एकदा मेलेला पुन्ना नाय मरत."

सगळ्यांना पटलं. जी बोट कधी बुडालीच नव्हती तिच्यावर काय भरवसा? अनुभवच नाही!

गोंदा ओरडला, "माझ्या हातानं बांधलीय! माझ्यासमोर बुडवणार?"

"तुझ्या पाठीमागं बुडवतो," मी म्हटलं.

तो नदीकडे पाठ करून बसला. आम्ही होडीत धोंडे भरले आणि तिला काठाजवळच्या डोहात खाली बसवली. उकिरड्यावर पोर एक क्षण ठेवतात. पण सोमा म्हणाला, होडी मोठी आहे, हिला जास्त लागेल. म्हणून आठवडाभर राहू दिली. मग धोंडे काढून तिला वर ओढली.

आणि खरं सांगतो, नंतर तिच्यात थेंबभर पाणी आलं नाही. आधी ती फळ्याफळ्यांतून गळत होती आणि गोंदा गुपचूप डांबर चोपडत होता, हे त्यानं आम्हाला त्यानंतर सांगितलं. फळ्या पाणी पिऊन फुगल्या असं बापू म्हणाले. सोमानं दुसरा कोंबडा मागितला.

*

कारभारी होडी बघायला आले. गोंदानं तिच्या पुढच्या टोकावर नाव कोरलं होतं.

"हे काय? उकिरडी? राणीसाहेबांचं नाव द्यायचं ठरलं होतं ना?"

आम्ही बापूंना पुढं ढकललं. बापू हात जोडून म्हणाले, "सरकार, आधी हिला आठवडाभर डोहात बुडवून ठेवायची होती. तिथं राणीसाहेबांचं नाव लावायची आमची छाती झाली नाही."

कारभाऱ्यांनी नावावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "उकिरडी बरं आहे."

*

आषाढात निरोप आला. लावणी झाली, चिमीला न्यायला या. दिवस भरत आलेत.

नदी तांबडीलाल. दोन्ही काठ भरून. खाली दाभोशाचा धबधबा पडत होता त्याचा आवाज उतारापर्यंत येत होता. त्या धबधब्यापुढं बर्फाचा डोंगर परवडला, निदान तो एका जागी तरी असतो.

निघायच्या आधी भागीवहिनींनी आम्हाला काठावर ओळीनं उभं केलं. "दोन जिवांची आहे ती. तिच्या कानावर वाईट काही जाता कामा नये. त्या मेल्या आगबोटीबद्दल एक शब्द जरी तिच्यापुढं काढलात, तर तुमच्या बायकांचं एक बाळंतपण करणार नाही मी!"

माझी बायको तेव्हा पाचव्या महिन्यात होती. मी तोंडावर हात ठेवला, तो वल्हं धरायच्या वेळीच काढला.

होडीत कॅप्टन सोमा बांबू घेऊन. वल्ह्यांवर गोंदा आणि मी. बापू भोपळ्यांची बंडी घालून आले होते, या वेळी भोपळे सारखे करून. लाडक्याला आम्ही बोलावलं नव्हतं. तो म्हणाला, तारपा घेऊन बसतो, जड गेलं तर उपयोगी पडेल. नारूला दुकान सोडता येत नव्हतं. दुकान बंद होतं.

जाताना धडपणे गेलो. पलीकडे चिमी उभी होती, डोक्यावर इरलं, हातात गाठोडं. चालताना तिला धाप लागत होती. गोंदानं तिला हात धरून होडीत बसवलं आणि वल्हं हातात घेतलं.

होडी निघाली. चिमीनं इकडं तिकडं बघितलं.

"बापूकाका, हे भोपळे कशाला अंगावर?"

बापूंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "बियाण्याचे आहेत. घरी ठेवले तर उंदीर खातात."

"आणि होडीचं नाव उकिरडी कुणी ठेवलं?"

"तुझ्या आईनं," गोंदा म्हणाला. तेवढं खरं होतं.

"सोमाबाबा कधीपासून होडी चालवायला लागले?"

"आजपास्नं," सोमा म्हणाला. तेही खरं होतं.

आम्ही मधोमध आलो आणि ओढ लागली. होडीचं तोंड धबधब्याकडे फिरलं. सोमाचा बांबू तळाला लागेना. वरून काहीतरी पांढरं वाहत आलं, फेसात गुरफटलेलं, मोठं. बापू उभे राहिले आणि "ब..." म्हणाले. मी त्यांच्या पोटरीला चिमटा घेतला. ते बसले. झाडाचा ओंडका होता. उकिरडीच्या अंगाला घासून गेला, एक फळीसुद्धा कुरकुरली नाही.

पण आमची वल्ही जुळेनात. गोंदा उजवीकडे मारी, मी डावीकडे, होडी गोल फिरे. तेवढ्यात चिमी म्हणाली,

"लाडक्यादादा, तारपा आणलाय तर वाजव ना."

लाडक्यानं तारपा छातीशी धरला.

"आता?" लाडक्या म्हणाला.

"आत्ताच. मला ऐकावासा वाटतोय."

आता पोटुशी बाई एखादी गोष्ट मागते तेव्हा तिला नाही म्हणायचं नसतं. पोराला बाधतं. आणि होडीत तर वाजवायचं नसतं. यातलं कुठलं मोडायचं? लाडक्यानं बापूंकडे बघितलं, बापूंनी आभाळाकडे बघितलं. गोंदा डोळे मिटून म्हणाला, "वाजव रे बाबा. लेक मागतेय."

लाडक्यानं गाल फुगवले. तारपा घुमायला लागला. चिमी फळीवर बोटानं ताल धरायला लागली. आणि त्या तालावर, कसं ते विचारू नका, माझं वल्हं आणि गोंदाचं वल्हं एकदम पाण्यात पडायला लागलं. एकदम वर, एकदम खाली. लग्नातल्या नाचात पाय पडतात तसं. होडीचं तोंड फिरलं. लाडक्याचे डोळे बाहेर आले तरी तो थांबेना. आम्हीच त्याला थांबू देईना. सोमाचा बांबू तळाला लागला.

अलीकडच्या काठावर भागीवहिनी गुडघाभर पाण्यात येऊन उभ्या होत्या. त्यांनी चिमीला दोन्ही हातांनी उचलल्यासारखी उतरवून घेतली. तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

बापू चिखलात बसले होते. बंडी काढायला तयार नव्हते. गोंदा होडीच्या टोकाला डोकं टेकून उभा होता.

चिमी चार पावलं चढून गेली, थांबली आणि वळली.

"बाबा, ती विलायतेची मोठी बोट बुडाली, ते तुमच्याकडे कळलंय का हो? आमच्याकडे साहेबाच्या बंगल्यावर पेपर लवकर येतो. सगळं वाचून दाखवलं ह्यांनी. बर्फ, होड्या, बँड, सगळं. येताना मी मुद्दामच काही बोलले नाही."

"का गं?" गोंदा म्हणाला.

"तुम्ही वल्ही मारत होता ना," चिमी म्हणाली. "म्हटलं, उगीच घाबराल."